टेपच्या डबीतली भाकर

१

“फोन ठेवू नकोस, चिमणे. नुसता सोडून दे, लोंबू दे. आता पोट जमिनीला लाव. माझा आवाज म्हणजे दोरी. मी ओरडत राहते, तू दोरी धरून दाराकडं सरक. सरक, चिमणे, सरक.”

चाळीस वर्षं झाली, पण ताइमी कोस्कीच्या कानात तो आवाज अजून ओला होता. तेव्हा ती सात वर्षांची होती. स्वयंपाकघरात धूर उतरलेला, आई कामावर, आणि माडीवर दुपारचे झोपलेले तिचे उक्की, म्हणजे आजोबा. त्या आवाजाची दोरी धरून ती अंगणातल्या बर्फात येऊन पडली. उक्की आले नाहीत.

पुढं ताइमी त्याच खोलीत कामाला लागली जिथून तो आवाज आला होता. आता काउंटीच्या आपत्कालीन फोन-केंद्राची ती प्रमुख होती. केंद्राच्या दाराशी काचेचं एक कपाट होतं, कुलूप नसलेलं. त्यात पितळी पाटी: ‘हिल्या कल्लिओ. हिच्या आवाजानं एक मूल वाचलं.’ पाटीखाली त्या दिवशीचं नोंदीचं कार्ड, आणि त्या दिवशीच्या टेपची चपटी, गोल पत्र्याची डबी.

ती टेप आजवर कुणी ऐकलीच नव्हती. ती वाजवणारं यंत्र आग लागली त्याच महिन्यात बिघडलं आणि तळघरात पडून राहिलं. आता मात्र गरज उभी राहिली होती. पुढच्या आठवड्यात मंगळवारी मतदान होतं. प्रत्येक फोनमागे महिन्याला दीड डॉलर जादा द्यायला लोकांनी ‘हो’ म्हटलं तर केंद्र राहणार होतं. ‘नाही’ म्हटलं तर कुलूप, आणि काउंटीचा प्रत्येक फोन नव्वद मैलांवरच्या शहरात वाजणार. जळक्या चर्चपुढचं वळण म्हटलं तर तिथल्या माणसाला काय कळणार? म्हणून त्याआधीच्या गुरुवारी दुपारी दोनला सभा बोलावली होती, आणि सभेत ती टेप लावायची होती. यंत्र शनिवारी दुरुस्त होऊन आलं. त्याच दिवशी ताइमीनं रीळ त्यात बसतंय का ते मापून पाहिलं, जुनी टेप तुटेल म्हणून सभेआधी वाजवली मात्र नाही, परत डबीत ठेवली, आणि डबीला सुतळीची सैल गाठ मारली.

सभेच्या दोन दिवस आधी, मंगळवारी सकाळी, ती गाठ काही केल्या सुटेना. बारीक, घट्ट, मुंगीच्या डोक्याएवढी. शेवटी कात्रीनं कापली.

डबीत टेप नव्हती. टेपच्या जागी, तेवढीच गोल आणि मधोमध भोक असलेली, राय नावाच्या धान्याच्या पिठाची भाकर होती.

२

अशी भाकर काउंटीतल्या निम्म्या घरांत आढ्याच्या काठीला ओवलेली असते. त्यामुळे भाकरीवरून चोर धरणं म्हणजे चिखलावरून गाय ओळखणं. ताइमीनं पाहुण्यांची वही उघडली. रविवारी कुणीच नव्हतं; सोमवारी तिघंच आली होती: दहा वाजता एल्वी नूर्मी, अकराला हिल्या कल्लिओ, आणि बाराला हिल्याचा नवरा रेनो.

काउंटीत मुख्य गावं दोन, अल्डर आणि स्टोनी; रेनो हा अल्डरचा कारभारी. घरात हिल्या ‘हो’च्या बाजूची, बाहेर तो ‘नाही’च्या. लोक म्हणत, कल्लिओंच्या घरात मीठसुद्धा मतदान घेऊन घालतात. ताइमी गेली तेव्हा तो गावाच्या गॅरेजात बर्फ काढायच्या गाडीला पातं बसवत होता. उजव्या हाताची दोन बोटं लाकूडकटाईत गेलेली, पण पान्हा असा फिरत होता की जणू सात बोटं आहेत.

“टेप? मी कशाला घेऊ?” तो म्हणाला. “माझा राग टेपवर नाही, पोरी, त्या दीड डॉलरवर आहे. स्टोनीवाल्यांच्या तळ्याकाठी बंगले. उन्हाळाभर त्यांचेच पाहुणे बुडतात, त्यांचेच फोन. आणि भुर्दंड आम्ही का सोसायचा? गुरुवारी मी सांगणार आहे, ज्याचा फोन त्याचा खर्च. पूर्वी होतं तसं.”

“पूर्वी कसं होतं?”

“तुला माहीत नाही? अगं, खोली एक, पण खुर्च्या दोन. लाल खुर्ची अल्डरची, तिथं हिल्या. निळी स्टोनीची, तिथं एल्वी. लाल फोन, निळा फोन. पेनंसुद्धा लाल-निळी. कॉफीचे डबे वेगळे!” रेनो हसला. “एकदा स्टोनीच्या बाईनं आमचा लाल फोन उचलला. झालं! तिचा पगार स्टोनी देतं, मग स्टोनीनं अल्डरची चाकरी का करायची? तीन सभा झाल्या त्यावर.”

“मग?”

“ठरलं की उचलायचा नाही. आणि उचललाच कुणी, तर कार्ड लाल शाईनं लिहायचं, खाली नाव आमच्या बाईचं घालायचं. म्हणजे कागद सरळ.”

“आणि भाकर?”

“आमच्या चुलीत दोन वर्षं भाकर गेली नाही. हिल्याचे हात बघितलेस ना?” त्यानं पान्हा खाली ठेवला. आवाज एकदम उतरला. “पोरी, एक ऐक. टेप नाही सापडली तर नको शोधूस. हिल्याला सोसायचं नाही ते.”

ज्या बाईच्या नावाची पितळी पाटी आहे, तिला स्वतःचाच आवाज का सोसू नये?

३

हिल्यानं दार उघडलं आणि ताइमीला छातीशी धरलं, दर खेपेला धरायची तशी.

लहानपणी दर रविवारी ताइमी या घरी यायची. त्यावरून आई धुमसायची. “मी नऊ महिने वाहिलं,” ती भांडी आपटत म्हणायची, “आणि तिनं चार मिनिटं फोनवर बोलून तुला नेलं. जा, जा तुझ्या हिल्यामावशीकडं.” आई गेली, तरी तो मत्सर घरात राहिला. भिंतीत ओल राहते तसा.

“बस बाळ. जाम ने जाताना.” हिल्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली होती. बरणीवरच्या फडक्याला दोरीऐवजी रबर लावलेलं. “सोमवारी हाच जाम घेऊन आले होते केंद्रात. तू नव्हतीस.”

“मावशी, त्या दिवशीचं पुन्हा सांगा ना.”

“किती वेळा सांगू?” हिल्याच्या चेहऱ्यावर पाठ केलेलं हसू आलं. “लाल फोन वाजला, पहिल्याच घंटीला मी उचलला. पलीकडून एवढुसा आवाज. म्हटलं, घाबरू नकोस बाळ...”

“मला वाटतं, खूप वेळ वाजत होता.”

“धुरात लहान लेकरांना काहीही वाटतं गं.”

मोठी माणसं चाळीस वर्षं हेच म्हणत होती. पण आज ताइमीचं मन दुसऱ्याच शब्दावर अडलं. बाळ. हिल्यानं तिला जन्मभर बाळच म्हटलं होतं. चिमणे कधी म्हटलं होतं?

निघताना हिल्यानं तिचा हात धरला. “एल्वीकडं जाणार असशील. जा, पण जपून. तिच्या पोटात माझ्याबद्दल चाळीस वर्षांची आग आहे.”

४

एल्वी नूर्मी स्टोनी गावाच्या टोकाला राहायची. मासे धरायचे गळ बांधून विकायची. खिडकीपाशी बसून पिसाचा एक तंतू, रेशमाचा एक धागा गळाला गुंडाळत होती, डाव्या हातानं. गाठ मारून तिनं दातानं धागा तोडला. ताइमी त्या गाठीकडं बघत राहिली. मुंगीच्या डोक्याएवढी.

“ये. भाकर खाशील?” आवाज सिगारेटींनी खरवडून निघालेला. वर काठीला भाकरींची माळ होती.

“भाकर मिळाली मला, एल्वीकाकू. डबीत.”

एल्वीचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला. “गावात भाकरी काय मी एकटीच भाजते?”

“नाही. पण टेप लावायची होती परवा.”

“काय ऐकायचंय त्यात? हिल्याचं कौतुक? हिल्याला पाटी मिळाली, नवरा मिळाला, आता सांधेदुखीही मिळाली. मला एक मांजर. मी कशाला जळू? मांजर बोलत नाही, मतदानही करत नाही.” ती हसली, पण डोळे हसले नाहीत. “आणि तुमची ती टेप! मिनिटभर नुसतं घणघण, घणघण. लोक झोपतील सभेत.”

एल्वीनं दिलेल्या कॉफीचा कप ताइमीच्या ओठांपाशी थांबला.

यंत्र चाळीस वर्षं मेलेलं होतं. ती टेप कुणीच ऐकलेली नव्हती. पाटीवाली हिल्या म्हणते पहिल्याच घंटीला उचलला. मग टेपच्या सुरुवातीला मिनिटभर घंटी आहे, हे एल्वीला कुणी सांगितलं?

एवढ्यात मांजर उडी मारून टेबलावर आलं, पिसांत लोळलं. एल्वीनं कोपरानं त्याला हळूच ढकललं.

“सरक, चिमणे,” ती म्हणाली, “सरक.”

आवाज पार घासलेला. पण त्याची चाल तीच होती, ओवीची चाल गळा बदलला तरी बदलत नाही तशी. ताइमी कॉफी अर्धी टाकून उठली.

५

बुधवारी सकाळी ताइमीनं कपाटातलं कार्ड काढून खिडकीत धरलं. ती कितीदा त्याच्यापुढून गेली होती, पण बघितलं आज. लाल शाई. प्रत्येक ओळ उजवीकडं फरफटलेली, शेवटची सहीसुद्धा. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा तळवा ओल्या अक्षरांवरून जात नाही. डावरीचा जातो.

तिनं हिल्याला बोलावलं आणि कार्ड पुढं ठेवलं.

“हे तुमचं अक्षर नाही, मावशी. डाव्या हाताचं आहे. स्टोनीच्या बाईनं लाल फोन उचलला, आणि गावांच्या नियमाप्रमाणं खाली तुमचं नाव घातलं. पेपरवाल्यांनी कार्ड वाचलं आणि पाटी तुमची झाली.”

हिल्यानं वाकड्या बोटांनी तोंड झाकून घेतलं.

“मी खोलीतच नव्हते,” ती म्हणाली. “खाली रेनोच्या गाडीत होते. चोवीस वर्षांची होते गं. परत आले तर सगळं संपलेलं, आणि एल्वी कार्ड लिहीत होती. वर बघितलंसुद्धा नाही तिनं. दुसऱ्या दिवशी पेपरात माझं नाव. खरं सांगावं तर नोकरी जाणार, अब्रू जाणार. म्हटलं, एल्वीच सांगेल. ती बोलली नाही. मग मीही नाही.”

“म्हणून टेप घ्यायला आलात सोमवारी?”

“हो, आले होते!” हिल्याला रडू फुटलं. “जामच्या फडक्यात लपवून नेणार होते. सगळी काउंटी ऐकणार की आवाज माझा नाही. पण ती गाठ सुटेना. बोटं वळेनात माझी. कुणी येईल म्हणून तशीच ठेवली.”

तेव्हाच ताइमीला सगळं जुळलं. गाठ हिल्याच्या आधीची होती, आणि हिल्याच्या आधी फक्त एल्वी आली होती. रेनो आला तेव्हा टेप गेलेलीच होती.

“लोक म्हणतात एल्वी माझ्यावर जळते,” हिल्या डोळे पुसत म्हणाली. “खरं उलटं आहे, बाळ. तू रविवारी यायचीस, मांडीवर बसायचीस, ‘मावशी बोला ना’ म्हणायचीस. मी बोलायची, आणि तुझे कान माझ्या आवाजात दुसराच आवाज शोधायचे. दर रविवारी दिसायचं मला. मी जळत होते तिच्यावर.”

ताइमीनं तिला हाताला धरून गाडीपर्यंत पोचवलं. मनात मात्र एकच काटा सलत होता. ती टेप लागली असती तर एल्वीचंच नाव झालं असतं. ज्या बाईकडून चाळीस वर्षांपूर्वी मान हिसकावला गेला, तिनं तो परत मिळायच्या तीनच दिवस आधी स्वतःच का चोरावा?

६

गुरुवारी दोन वाजता सभागृह भरलं. उजवीकडं अल्डर, डावीकडं स्टोनी, मध्ये ओढा वाहावा तशी मोकळी वाट. कुणी कुणाच्या बाकावर चुकूनही बसलं नव्हतं. शेवटच्या रांगेत एल्वी होती, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून.

रेनो कागद घेऊन उभा राहिला. “साधी गोष्ट आहे, मंडळी. ज्याचा फोन, त्याचा खर्च. स्टोनीनं आपली खुर्ची सांभाळावी, आम्ही आमची. शेजाऱ्याच्या चुलीला आपलं सरपण का?”

“आणि आमचं सरपण तुम्ही नाही वाटतं जाळलं!” स्टोनीकडून एकजण ओरडला. “गेल्या हिवाळ्यात तुमच्या गाड्या घसरल्या सोळा वेळा!”

“तुमच्या रस्त्यावर घसरल्या!”

हशा झाला, टाळ्या झाल्या. पण माना रेनोच्याच बाजूनं हलत होत्या, दोन्हीकडच्या. ताइमीला दिसलं की मंगळवार हातचा निसटतोय. ती उठली. यंत्र तिच्या शेजारी मुकं उभं होतं.

“टेप लावणार होते,” ती म्हणाली. “टेप नाही. म्हणून मला आठवतं ते सांगते. मोठी माणसं म्हणायची, धुरात तुला भास झाला. म्हणून मी सांगायचं सोडलं होतं.”

शेवटच्या रांगेकडं बघत ती पुढं बोलू लागली.

“उक्कींनी मला त्यांच्या भाषेत आकडे शिकवले होते, यक्सी, काक्सी, कोल्मे, असे दहापर्यंत. अकरा येत नव्हतं मला. भीती वाटली की मोज म्हणायचे. म्हणून फोन वाजत होता तेव्हा मी घंट्या मोजल्या. दहा झाल्या. पुढचा आकडा येईना, मग पुन्हा यक्सी म्हटलं. आणि आवाज आला.” तिनं श्वास घेतला. “तो आवाज कुणाचा, हे मला काल कळलं. त्या बाईवर माझा राग नाही. टेपही नको. मला फक्त तिनं एकदा हाक मारलेली ऐकायची आहे.”

पुढच्या बाकावर हिल्यानं मान खाली घातली. मागं एक बाक करकरलं.

एल्वी मधल्या वाटेनं चालत आली, ना अल्डरच्या बाजूनं, ना स्टोनीच्या. तिनं पिशवीतून रीळ काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“भाकर माझी,” ती म्हणाली. “आवाजही माझाच. तरुणपणी चांगला होता.”

कुजबुज उठली. तिनं डावा हात वर केला, तशी कुजबुज विरली.

“लोक म्हणतात मी पाटीवरून जळते. जळत होते, पण पाटीवरून नाही. हा रेनो तीन महिने मला नाचायला नेत होता. त्या दुपारी मी खिडकीतून त्याची गाडी बघितली. काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या. आणि लाल खुर्ची रिकामी.” रेनोनं डोक्यावरची टोपी काढली. “तेवढ्यात लाल फोन वाजला. माझा हात पुढं गेला होता. मी तो मागं घेतला.”

“एल्वी, पुरे,” हिल्या पुटपुटली.

“पुरे काय? चाळीस वर्षं पुरे झालं.” ती रेनोकडं वळली. “नियम माझ्या बाजूनं होता, कारभारी. तुमचाच नियम. अल्डरचा फोन, अल्डरचा पगार. कुणी मला बोल लावला नसता. म्हटलं, वाजू दे. खाली त्या गाडीपर्यंत ऐकू जाऊ दे. येऊ दे तिला धावत, विसकटल्या केसांनी, बघू देत सगळ्यांना.”

रेनोनं हातातल्या कागदाची घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो खिशात कोंबला.

एल्वी आता ताइमीसमोर उभी होती. तिचा तो खरवडलेला आवाज एकाएकी खाली आला, जमिनीला पोट लावून सरकत यावा तसा.

“तुला भास नव्हता झाला, चिमणे. मीही मोजत होते, मत्सरानं मोजत होते. अकराव्या घंटीला उचलला. त्या दहा घंट्या कुणी ऐकू नयेत म्हणून टेप नेली. तुझे उक्की माडीवर होते, हे तू मला बाराव्या शब्दाला सांगितलंस. ते मिनिट मी घेतलं त्यांचं. अजून माझ्याकडंच आहे.”